प्रवाळाला पोसणारा थवा: फ्रेंच ग्रंट माशाचा दिवस आणि रात्र

कॅरिबियन समुद्रातल्या उथळ प्रवाळभित्तीवर भर दुपारी पाण्यात उतरणाऱ्या माणसाला एखाद्या मोठ्या प्रवाळाच्या आडोशाला पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा हमखास भेटतो. कधी त्यात वीस-पंचवीस मासे असतात, कधी काहीशे. ते शिकार करत नाहीत, प्रवाळ कुरतडत नाहीत, शेवाळ खात नाहीत. प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी अधूनमधून हलवत जागच्या जागी तरंगत राहतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा हाच क्रम चालू असतो. फ्रेंच ग्रंट हे या माशाचे नाव. हिम्युलॉन फ्लाव्होलिनिएटम हे शास्त्रीय नाव. भित्तीवरच्या गर्दीत पोपटमासा खडक खरवडताना दिसतो, क्लीनर मासा दुसऱ्यांच्या अंगावरचे परजीवी टिपताना दिसतो, शार्क आणि ग्रूपर यांचा तर दराराच असतो. त्यांच्या तुलनेत हा निवांत थवा भित्तीसाठी काहीच करत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनातून मात्र उलटे चित्र समोर आले आहे. हा थवा ज्या प्रवाळावर दिवस काढतो, त्या प्रवाळाची वाढ थव्याच्या तिथे नुसत्या थांबण्यानेच वेगाने होते, आणि असे का होते हे समजून घ्यायचे तर हा मासा रात्री कुठे जातो ते पाहावे लागते.

फ्रेंच ग्रंट हा वीतभर लांबीचा मासा आहे. पूर्ण वाढलेला मासा तीस सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, पण बहुतेक त्याहून बरेच लहान असतात. चंदेरी-पांढुरक्या अंगावरचे पिवळे पट्टे ही त्याची ओळख. हे पट्टे जवळून पाहण्याजोगे आहेत. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी पार्श्वरेषा असते, तिच्या वरच्या बाजूचे पट्टे जवळजवळ आडवे असतात आणि खालच्या बाजूचे तिरपे. कारण पार्श्वरेषेखालचे खवले वरच्या खवल्यांपेक्षा मोठे असून तिरप्या ओळींत बसलेले असतात, आणि रंग त्या ओळींना धरूनच उमटतो. याच कुळातले इतर पट्टेवाले मासे याच थव्यात मिसळलेले असले, तरी या तिरप्या पट्ट्यांवरून फ्रेंच ग्रंट वेगळा काढता येतो. तोंड उघडले की आतला भाग लालभडक दिसतो. कधीकधी दोन मासे समोरासमोर येऊन तोंडे पूर्ण उघडतात आणि एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून रेटतात. पाहणाऱ्याला ते चुंबन वाटते, पण हा बहुधा जागेवरून होणारा शक्तिप्रदर्शनाचा प्रकार असावा.

घशातल्या दातांच्या पट्ट्या एकमेकींवर घासून हे मासे घरघरल्यासारखा आवाज काढतात, आणि पोटातली हवेची पिशवी तो आवाज मोठा करते. सगळ्या ग्रंट कुळाची ही खासियत आहे. या कुळातले मासे आपल्या कोकण किनाऱ्यावर आणि खाड्यांतही असतात व बाजारात येतात. फ्रेंच ग्रंट मात्र पूर्णपणे अटलांटिकच्या पश्चिम भागातला आहे. बर्म्युडा, फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन बेटांपासून खाली ब्राझीलपर्यंत तो आढळतो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर ग्रंट मासे आणि मक्याच्या भरड्याची लापशी हे पिढ्यान् पिढ्यांचे साधे जेवण आहे, इतका हा मासा तिथल्या लोकांच्या परिचयाचा आहे.

आता त्याच्या परिसराकडे वळू. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळभित्तीभोवतीचे पाणी इतके नितळ का असते, याचे उत्तर त्या पाण्याच्या गरिबीत आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस ही वनस्पतींच्या वाढीला लागणारी मूलद्रव्ये त्यात फार कमी प्रमाणात असतात, म्हणून तरंगते सूक्ष्म शैवाल फारसे वाढत नाही आणि पाणी स्वच्छ राहते. तरीही याच पाण्यात जीवांची एवढी दाटी नांदते, हे कोडे डार्विनच्या काळापासून अभ्यासकांना पडलेले आहे. त्याचे एक उत्तर प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सहजीवी शैवालात आहे. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते आणि प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडणारा नायट्रोजन स्वतः वापरते. हे चक्र काटकसरीने चालते, पण कितीही काटकसर केली तरी नव्या वाढीसाठी बाहेरून काही ना काही यावेच लागते. ते येते कुठून, हा खरा प्रश्न आहे.

भित्तीच्या आत, किनाऱ्याच्या बाजूला, शांत उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणे असतात. कॅरिबियनमध्ये टर्टल ग्रास नावाचे रुंद पानांचे गवत त्यांत प्रमुख असते. हे शैवाल नव्हे. मुळे, पाने आणि फुले असलेली ही खरी वनस्पती आहे आणि तिची मुळे तळातल्या गाळातून पोषक द्रव्ये शोषतात. गवताच्या पात्यांवर आणि मुळांजवळच्या गाळात खेकड्यांची पिले, कोळंबीवर्गीय जीव, किडे, छोटे शंख-शिंपले खच्चून भरलेले असतात. त्याहून आत, किनाऱ्याला लागून, लाल खारफुटीच्या कमानदार मुळांचे जाळे असते. भित्ती, गवत आणि कांदळवन हे तीन अधिवास शेजारी-शेजारी असले, तरी नकाशावर आणि संरक्षणाच्या कायद्यांत ते बहुतेक वेळा वेगवेगळे धरले जातात. फ्रेंच ग्रंटच्या दृष्टीने ते एकच घर आहे, आणि या लेखाचा सगळा भर या एका मुद्द्यावर आहे.

गवतात अन्न आहे, पण दिवसा तिथे लपायला जागा नाही. उघड्या कुरणावर हिंडणारा वीतभर मासा बॅराकुडासारख्या शिकाऱ्याला दुरून दिसतो. भित्तीवर लपायला जागा आहे, पण या माशाला हवे तसे अन्न पुरेसे नाही. यावर त्याने काढलेला मार्ग म्हणजे दिवस आणि रात्र यांची वाटणी. दिवसा भित्तीच्या आडोशाला थव्याने थांबायचे, रात्री अंधाराचा फायदा घेऊन गवतात एकेकट्याने चरायचे.

दिवसाच्या थव्याचा उपयोग काय, हेही थोडक्यात पाहायला हवे. शिकारी एका वेळी एकच मासा पकडू शकतो, म्हणून शंभरांच्या थव्यात एका माशावर हल्ला होण्याची शक्यता तेवढ्याने कमी होते. शिवाय सारखे दिसणारे, सारख्या पट्ट्यांचे अनेक मासे एकदम हलले की शिकाऱ्याला एकावर नजर ठेवणे अवघड जाते. पहारा देणारे डोळेही अनेक होतात. थव्यातला प्रत्येक मासा शेजाऱ्याच्या हालचाली डोळ्यांनी टिपतो आणि पाण्यातले सूक्ष्म धक्के पार्श्वरेषेने ओळखतो, त्यामुळे एका टोकाला बसलेला हादरा क्षणार्धात दुसऱ्या टोकाला पोहोचतो. थवा चालवणारा कोणी पुढारी त्यात नसतो. लहान वयाच्या ग्रंटच्या थव्यांत फ्रेंच ग्रंट आणि व्हाइट ग्रंट अशा दोन-तीन जाती सर्रास मिसळलेल्या असतात. संख्या आणि साधर्म्य एवढेच या संरक्षणाला पुरते, जात एकच असण्याची गरज नसते.

या माशांचे संध्याकाळचे स्थलांतर सर्वांत बारकाईने पाहिले गेले ते अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉय या बेटावर. बेटाच्या पूर्व टोकाकडे टेग बे नावाची खाडी आहे आणि तिच्या काठावर वेस्ट इंडीज लॅबोरेटरी नावाची संशोधन संस्था होती. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात ती उद्ध्वस्त झाली, पण त्याआधीच्या काळात जॉन ऑग्डेन, पॉल एरलिक, विल्यम मॅकफारलंड, जीन हेल्फमन अशा अभ्यासकांनी तिथे ग्रंटच्या थव्यांवर जे काम केले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते.

सूर्य मावळल्यावर थव्यात अस्वस्थता सुरू होते. दिवसभर प्रवाळाच्या वर सैलसर पसरलेले मासे भित्तीच्या कडेला, एका ठरावीक ठिकाणी गोळा होऊ लागतात. भित्ती आणि गवत यांच्या मध्ये अनेकदा काही मीटर रुंदीचा उघड्या वाळूचा पट्टा असतो. भित्तीत राहणारे सी-अर्चिन, म्हणजे गोल अंगाचे काटेरी समुद्री जीव, रात्री बाहेर येऊन तेवढ्या टापूतले गवत खाऊन टाकतात आणि उजाडण्यापूर्वी परततात, त्यातून हा पट्टा तयार होतो. सेंट क्रॉयजवळच्या एका छोट्या भित्तीवरचे सगळे सी-अर्चिन अभ्यासकांनी उचलून नेले, तेव्हा तिथे गवत पुन्हा वाढले आणि पट्टा नाहीसा झाला. ग्रंटचा थवा या वाळूच्या काठाशी येऊन थबकतो. पुढचे काही मासे वाळूवर झेपावतात आणि लगेच मागे फिरतात. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वाळूत अर्धवट गाडून घेतलेला लिझर्डफिश हा शिकारी मासा अशा वेळी टपून असतो. मग एका क्षणी काही मासे निघतात, मागचे त्यांच्या पाठोपाठ जातात, आणि सगळा थवा एका लांब ओळीत वाळू ओलांडून गवतावरून पुढे सरकतो. ही वाट रोज तीच असते. बऱ्याच अंतरावर गेल्यावर ओळीला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात, आणि शेवटी एकेक मासा आपापल्या दिशेने अंधारात पांगतो. दिवसभर शेजाऱ्याला चिकटून राहिलेला हा मासा रात्रभर एकटा चरतो.

निघण्याची वेळ घड्याळावर ठरत नाही, उजेडावर ठरते. मॅकफारलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाची मोजमापे घेऊन दाखवले की हे मासे प्रकाश एका ठरावीक पातळीपर्यंत उतरला की निघतात आणि पहाटे तशाच मंद उजेडात परततात. या काटेकोरपणाला जीवघेणे कारण आहे. माशाच्या डोळ्यात भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. संधिप्रकाशात पहिल्या पेशी कमी पडू लागतात आणि दुसऱ्या अजून पुरत्या कामाला लागलेल्या नसतात. नेमक्या याच वेळेत मोठे शिकारी सर्वाधिक हल्ले करतात. दिवसा फिरणारे मासे तोवर कपारीत शिरलेले असतात, रात्री फिरणारे अजून बाहेर पडलेले नसतात आणि भित्तीवर काही मिनिटे विलक्षण शुकशुकाट असतो. ग्रंट लवकर निघाला तर दिसतो, उशिरा निघाला तर चरण्याचा वेळ वाया जातो. त्याला निघायला मिळते ती या दोन्हींच्या मधली छोटीशी फट.

रात्रभर गवतात खेकडे, किडे आणि कोळंबीवर्गीय जीव खाऊन पोट भरलेला मासा पहाटे त्याच वाटेने, त्याच प्रवाळावर परत येतो. आणि मग दिवसभर तिथे थांबून ते अन्न पचवतो. थव्याचे भित्तीवरचे ऋण इथून सुरू होते. आपल्याकडे धनगर दिवसभर माळरानावर चारलेल्या मेंढ्या रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात बसवतात, आणि माळावरचा चारा लेंडीखताच्या रूपाने त्या वावराला मिळतो. ग्रंटचा थवा भित्तीवर हेच करतो, फक्त चरण्याची वेळ रात्रीची आणि बसण्याची दिवसाची. माशाच्या बाबतीत खताचा मोठा भाग विष्ठेतून येत नाही, हा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. अन्नातली प्रथिने पचल्यावर उरलेला नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियमच्या रूपात, सतत पाण्यात सोडत असतो. हे अमोनियम प्रवाळातल्या सहजीवी शैवालाला कोणतीही प्रक्रिया न करता थेट वापरता येते. विष्ठेतून त्यात फॉस्फरसची आणि सेंद्रिय कणांची भर पडते. गवताच्या मुळांनी गाळातून उचललेली द्रव्ये अशा रीतीने खेकडा आणि मासा या पायऱ्या चढून प्रवाळापर्यंत पोहोचतात.

ही कल्पना म्हणून सुंदर असली, तरी एवढ्याशा माशांच्या उत्सर्जनाने प्रवाळाला खरोखर काही फरक पडतो का, हे मोजून पाहणे आवश्यक होते. जूडी मेयर, एरिक शुल्ट्झ आणि जीन हेल्फमन यांनी सेंट क्रॉयवर ते मोजले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. थवा असलेल्या प्रवाळांभोवती माशांमुळे येणाऱ्या पोषक द्रव्यांचा वाटा इतर ज्ञात मार्गांनी येणाऱ्या द्रव्यांच्या तोडीचा निघाला, आणि ज्या प्रवाळांवर थवे थांबत होते, ते प्रवाळ थवा नसलेल्या प्रवाळांपेक्षा वेगाने वाढत होते. मेयर आणि शुल्ट्झ यांच्या १९८५ मधल्या अभ्यासाने प्रवाळाच्या ऊतींची तपासणी केली, तेव्हा थव्याखालच्या प्रवाळांत नायट्रोजन आणि सहजीवी शैवाल दोन्ही जास्त आढळले. भित्ती माशांना आसरा देते हे सगळ्यांना ठाऊक होते. मासेही भित्ती वाढवतात, हे आकड्यांनिशी दाखवणारे हे पहिल्या काही अभ्यासांपैकी होते, आणि माझ्या मते प्रवाळशास्त्रातल्या अत्यंत महत्त्वाच्या निरीक्षणांपैकी ते एक आहे.

तीन दशकांनंतर, २०१५ मध्ये, फ्लोरिडा कीज बेटांच्या भित्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने या चित्रात आणखी एक पदर जोडला. ग्रंटचे थवे जिथे थांबतात, तिथे नायट्रोजनचा पुरवठा थवा नसलेल्या सारख्याच रचनेच्या जागांच्या सुमारे १० पट आणि फॉस्फरसचा सुमारे ७ पट आढळला. एवढे खत मिळाल्यावर तिथे मोठे शेवाळ माजेल आणि प्रवाळ गुदमरेल, अशी भीती कोणालाही वाटेल. घडले वेगळेच. अशा जागांवर शेवाळ खाणाऱ्या माशांचे चरणे सुमारे तिप्पट होते, बहुधा तिथले शेवाळ त्यांना अधिक पौष्टिक मिळत असल्यामुळे. परिणामी तिथे एकूण शेवाळ कमी आणि प्रवाळाच्या पिलांना रुजायला उपयोगी पडणारे गुलाबी चुनखडी शैवाल जास्त होते, आणि प्रवाळाची वाढ सुमारे दीडपट होती. खत आणि खुरपणी दोन्ही एकाच जागी घडत होती, आणि त्या जागेची निवड ग्रंटच्या थव्याने केलेली होती.

इथे एक शंका उपस्थित होते व ती रास्त आहे. शहरांचे सांडपाणी आणि शेतातली रासायनिक खते समुद्रात गेल्याने भित्ती मरतात, असे आपण सतत वाचतो. मग माशांनी दिलेला नायट्रोजन चांगला आणि माणसाने दिलेला वाईट, हे कसे? फरक स्वरूपाचा आणि प्रमाणाचा आहे. शेतीतून वाहून येणारा नायट्रोजन बहुतांशी नायट्रेटच्या रूपात असतो. ते वापरण्याजोगे करायला शैवालाला ऊर्जा खर्चावी लागते, आणि सोबत फॉस्फरस नसेल तर शैवाल व प्रवाळ यांच्यातला तोल बिघडतो. पाणी तापते तेव्हा असा तोल बिघडलेला प्रवाळ लवकर विरंजित होतो, म्हणजे शैवाल गमावून पांढरा पडतो. माशांकडून अमोनियम आणि फॉस्फरस एकत्र, थोडे-थोडे, रोज आणि थेट प्रवाळाच्या अंगाशी मिळतात. भित्ती लक्षावधी वर्षे ज्या पुरवठ्यावर वाढल्या, तो हा पुरवठा आहे.

थवा रोज त्याच प्रवाळावर परततो, हे वर अनेकदा आले. तो परततो कसा, या प्रश्नाचे उत्तर हेल्फमन आणि शुल्ट्झ यांनी १९८४ मध्ये दिले, आणि ते कोणाच्या कल्पनेत नव्हते. थव्यांच्या जागा आणि त्यांच्या वाटा वर्षानुवर्षे कायम राहतात, हे आधी लक्षात आले होते. मासे मरतात, मोठे होऊन निघून जातात, नवी पिले येतात, तरी वाट तीच. मग ही वाट जन्मजात माहीत असते की शिकली जाते? त्यांनी एका थव्यातले मासे पकडून, खुणा करून, दुसऱ्या ठिकाणच्या थव्यात सोडले आणि त्यांना थोडा काळ स्थानिक माशांच्या मागोमाग जाऊ दिले. नंतर स्थानिक मासे तिथून काढून घेतले. पाहुणे मासे तरीही संध्याकाळी त्याच नव्या वाटेने गवतात गेले आणि पहाटे त्याच नव्या प्रवाळावर परतले. ज्या माशांना स्थानिकांच्या मागे जाण्याची संधीच दिली नव्हती, त्यांना ही दिशा सापडली नाही. याचा अर्थ वाट सोबतीने शिकली जाते आणि एका पिढीकडून दुसरीकडे सोपवली जाते. माशांमध्ये परंपरा असू शकते, हे मान्य करायला त्या काळी अनेकांना जड गेले असेल. आज प्राण्यांच्या सामाजिक शिक्षणाची चर्चा निघते, तेव्हा वानर आणि पक्षी यांच्या बरोबरीने या वीतभर माशाचाही दाखला दिला जातो.

या परंपरेत दाखल होण्यापूर्वी पिलाला बराच पल्ला गाठावा लागतो. अंडी खुल्या पाण्यात तरंगतात आणि अंड्यातून निघालेली अळी सुमारे दोन आठवडे प्रवाहाबरोबर राहते. माशाच्या कानात चुन्याचा छोटा खडा असतो, त्यावर दररोज एक वलय चढते, आणि ती वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजून हे वय काढले जाते. किनाऱ्याजवळ पोहोचलेले पिलू जेमतेम नखाएवढे आणि जवळजवळ पारदर्शक असते. ते मायसिड नावाच्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या झुंडीत मिसळून राहते. दोघांची लांबी, रंग आणि हालचाल इतकी सारखी असते की झुंडीतून पिलू वेगळे ओळखणे शिकाऱ्याला कठीण जाते. पिलू मोठे झाले की हे साम्य संपते. मग ते आपल्याला लपवणाऱ्या त्या मायसिडांनाच खाऊ लागते. पुढच्या टप्प्यात लांब काळ्या काट्यांच्या डायडेमा सी-अर्चिनच्या काट्यांमध्ये, गवतातल्या एकट्या प्रवाळाजवळ किंवा खारफुटीच्या मुळांत पिलांचे छोटे थवे दिसतात. काही सेंटिमीटर लांबी झाल्यावर ती संध्याकाळच्या स्थलांतरात सामील होतात, आणि वाढत्या वयाबरोबर निघण्याची वेळ अधिकाधिक अचूक साधू लागतात.

या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक दुव्याला गेल्या पन्नास वर्षांत धक्का बसला आहे. १९८३ मध्ये पनामाजवळ सुरू झालेल्या रोगाने वर्षभरात कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा सी-अर्चिन मारले. २०२२ मध्ये व्हर्जिन बेटांपासून पुन्हा तशीच साथ पसरली आणि या वेळी तिचे कारण एक सूक्ष्म एकपेशीय परजीवी असल्याचे सिद्ध झाले. ज्यांच्या फांद्यांखाली ग्रंटचे मोठे थवे थांबत, ते एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न प्रवाळ व्हाइट बँड रोगाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले आणि आज दोन्ही अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. २०१४ मध्ये मायामीजवळ आढळलेला स्टोनी कोरल टिश्यू लॉस हा रोग पुढच्या काही वर्षांत बेटाबेटांवर पसरला, आणि २०२३ च्या विक्रमी उष्णतेने उरलेल्या प्रवाळांचे विरंजन केले. फांद्या मोडून पडल्यावर भित्ती सपाट होत जाते. सपाट भित्तीवर प्रवाळ काही अंशी जिवंत असला, तरी थव्याला आडोसा उरत नाही, थवा थांबत नाही, आणि उरलेल्या प्रवाळाला मिळणारा पुरवठा तुटतो. भित्तीची घसरण स्वतःच स्वतःला वेग देते, ती अशी.

त्यात आपल्याकडच्या समुद्रातून गेलेला एक मासाही आहे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला लायनफिश मत्स्यालयांच्या व्यापारातून अटलांटिकमध्ये पोहोचला आणि भित्तीवरची लहान पिले अधाशासारखी खाऊ लागला. बहामामध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लायनफिश असलेल्या छोट्या भित्तींवर नव्याने येणाऱ्या पिलांची भर पाच आठवड्यांत ७९ टक्क्यांनी घटली. मासेमारीच्या पिंजऱ्यांत ग्रंट मोठ्या संख्येने सापडतात, आणि थवा एकाच जागी बसत असल्याने तो एकदम उचलला जाऊ शकतो. असा थवा गेला की त्याच्याबरोबर ती वाटही जाते, कारण ती नव्या पिलांना दाखवायला कोणी उरत नाही.

कांदळवनांबाबतचा पुरावा २००४ मध्ये पीटर मम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेलीझ व मेक्सिकोच्या भित्तींवरून मांडला. शेजारी समृद्ध कांदळवन असेल, तर भित्तीवरच्या अनेक व्यापारी जातींचे एकूण वजन दुपटीहून अधिक असते, असे त्यांना आढळले. फ्रेंच ग्रंट कांदळवनावर सर्वस्वी अवलंबून नाही. गवत आणि उथळ भित्तीही त्याची पिले सांभाळतात. त्याच कुळातल्या निळ्या पट्ट्यांच्या ग्रंटला मात्र खारफुटीची गरज जास्त आहे, आणि अटलांटिकमधला सर्वांत मोठा शाकाहारी मासा, रेनबो पॅरटफिश, खारफुटी तोडल्यावर काही ठिकाणी पुरता नाहीसा झाला.

याचा थेट परिणाम संरक्षणाच्या सीमारेषा कशा आखायच्या यावर होतो. भित्तीभोवती बोया लावून तेवढा भाग राखीव केला आणि मागचे गवत बोटींच्या नांगरांनी, पंख्यांनी आणि गाळाने उखडू दिले, तर थव्याला रात्रीचे अन्न मिळणार नाही. गवतापासून फार दूर उभारलेल्या कृत्रिम भित्तीवर मासे जमतीलही, पण बाहेरून आणलेले पोषण तिथे कमीच पोहोचेल. फ्लोरिडा आणि कॅरिबियनमध्ये आज रोपवाटिकांत वाढवलेले प्रवाळाचे तुकडे समुद्रात लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे, आणि या तुकड्यांसाठी जागा निवडताना ग्रंटचे थवे आधीपासून जिथे थांबतात त्या जागांना प्राधान्य द्यावे, अशी सूचना २०१५ च्या त्या अभ्यासाने केली होती. यासाठी लागणारी पाहणी स्वस्त आहे: दिवसा थवा कोणत्या प्रवाळावर बसतो आणि संध्याकाळी कोणत्या बाजूने बाहेर पडतो, एवढे दोन-चार दिवस पाण्यात राहून पाहायचे, आणि तुकडे त्या प्रवाळाच्या अंगाशी लावायचे.